वळचणीकडून आढ्याकडे



अक्षय तृतीया होऊन गेली. आता रोहिणी, मग मृग. पूर्वी या दिवसांत भूगावात सकाळी एक आवाज ठरलेला असायचा. कौलावर कौल घासल्याचा आणि मधूनच बोटाच्या पेराने कौल वाजवून बघितल्याचा. कोणाकडे घर शाकारायला घेतलंय हे न सांगता कळायचं. आज तो आवाज येत नाही. येतो तो ड्रिल मशीनचा आणि सिमेंटच्या मिक्सरचा. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, की यंदाच्या आगोटीला आपल्या डोक्यावरच्या छपराची गोष्ट सांगायची.

आमच्यातलीच एक म्हणाली, "छपराला कसला आलाय इतिहास? गळलं की बुजवायचं, मोडलं की नवं घालायचं." तिचं खरं आहे. पण बुजवायचं कोणी, कशाने, त्याला पैसे कुठून आणायचे आणि ते छप्पर कागदावर कोणाचं, हे विचारत गेलो तेव्हा दीडशे वर्षांची गोष्ट हाती लागली. थोडी पुस्तकांतून, थोडी गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून.

आधी आपला मुलूख बघू. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, बारामती-इंदापूरकडे, जुनी घरं धाब्याची. वर सपाट माती, त्यावर उन्हाळ्यात निजायचं. पाऊसच बेताचा, तर उतार कशाला हवा? पश्चिमेकडे निघालं की छपराला उतार येतो. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असं पुढे जावं तसा तो वाढतो आणि ताम्हिणी घाटात सहा हजारांच्या वर जातो. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुण्याला वर्षभरात जेवढा मिळतो, त्याचा जवळजवळ पाऊण हिस्सा एका दिवसात! अशा मुलखात छप्पर म्हणजे शोभा नाही. चार महिने माणसं, गुरं, चूल आणि बियाणं कोरडं राहायचं ते त्याच्याच जोरावर.

आता ज्या मुली फ्लॅटमध्ये वाढल्या त्यांच्यासाठी चार शब्द. घराच्या मधोमध सर्वांत उंच आडवं लाकूड ते आढं. आढ्यापासून खाली उतरणारे ते वासे. वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा, कौलं त्यांच्यावर बसतात. छपराची खालची कड भिंतीच्या पुढे येते ती वळचण आणि तिथून गळणाऱ्या पाण्याच्या धारा म्हणजे पागोळ्या. आपल्याकडच्या जुन्या घरात शिरताना वाकावं लागतं, कारण वळचण मुद्दाम खाली आणलेली असते. भिंत मातीची किंवा कारवीच्या कुडाची. ती भिजली की घर बसलंच.

आमच्या आजेसासवांच्या काळात मुळशीच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवर बऱ्याच घरांवर गवत किंवा भाताचा पेंढा असायचा. भात झोडून झालं की पेंढ्याचे भारे बांधून ठेवायचे. त्यातला गुरांचा किती आणि घराचा किती, हा हिशेब घरातली बाई करायची. कारण वैशाखात गुरं उपाशी राहिली तर दूध तिला कमी पडणार आणि आषाढात घर गळलं तर चूल तिची विझणार. भाताचा पेंढा एका पावसाळ्यात कुजतो, म्हणून वरचा थर वर्षाला बदलायचा. डोंगरावरचं गवत जरा जास्त टिकायचं, पण ते कापून डोक्यावरून खाली आणायचं. तेही बहुतेक बायकांनीच.

या छपराचा एक सोबती होता, चुलीचा धूर. त्याने आमच्या आज्यांचे डोळे अधू केले, छाती भरली, हे विसरता येणार नाही. पण त्याच धुराने वाशांवर काजळी धरायची, लाकडाला कीड कमी लागायची आणि पेंढ्यातली ओल सुकायची. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराचं छप्पर आधी कुजतं, असं म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. म्हणजे बाई चुलीपाशी बसून नकळत छपराचीही राखण करत होती.

शाकारणी एका घराचं काम नव्हतं. ती सावडीने व्हायची. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पैशाची देवघेव नाही. ज्याचं घर त्याने जेवण घालायचं. आता जेवण घालायचं म्हणजे काय? पंधरा-वीस माणसांचं पीठ जात्यावर दळायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. पुरुषाने एक दिवस दिला की तो दिवस त्याला परत मिळायचा. बाईने पहाटे उठून दळलेलं पीठ मात्र कोणाच्या हिशेबात नसायचं. आम्ही गावातल्या एका आजींना विचारलं, "मग ज्या घरात पुरुषच नाही, तिथे कसं?" त्या म्हणाल्या, "ती बाई लावणीला जायची. छपराचा एक दिवस फेडायला चिखलात दोन दिवस." हे कोणत्या वहीत लिहिलेलं सापडणार नाही. त्यांच्या लक्षात राहिलं, म्हणून आपल्याला कळलं.

छपराला लागतं लाकूड, बांबू आणि गवत. हे सगळं डोंगरातून यायचं. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये जंगलाचा कायदा केला आणि सरकारने राखीव ठरवलेल्या जंगलांत जाणं-येणं, चराई, तोड या सगळ्यावर बंधनं आली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात जंगलखात्याच्या या कारभारावर कडक टीका केली आहे. एरवी हा विषय गुरांच्या चराईचा म्हणून शिकवला जातो. पण एक मोडलेला वासा बदलायचा झाला तरी तोच प्रश्न उभा राहणार, हे ज्या घरात पाणी गळतं तिथल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांची थोडी ऐपत होती त्यांच्या घरावर कौलं असायची. जुनी कौलं कुंभाराच्या हातची. चाकावर मातीचं नळकांडं फिरवायचं, ओलं असतानाच उभं चिरायचं, की दोन अर्धगोल कौलं तयार. एक ओळ उताणी आणि दोन उताण्यांच्या सांध्यावर एक पालथी. कुंभाराच्या घरातली बाई माती तुडवायची, कौलं वाळत घालायची, आवा लावायला मदत करायची. या कौलांना अडकायला खोबण नसते, नुसती एकमेकांवर टेकलेली असतात. मांजर धावलं, वानरं नाचली, वारा आला, की सरकतात. म्हणून दरवर्षी शाकारणी.

मग आली मंगलोरी कौलं. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातली एक ख्रिस्ती मिशन संस्था मंगलोरला काम करत होती. तिथल्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन कारागीर-मिशनऱ्याने १८६५ मध्ये नेत्रावती नदीच्या काठच्या मातीपासून यंत्रावर चपटी कौलं काढायचा कारखाना सुरू केला. या कौलांना कडेने खोबणी असतात. एकाची कड दुसऱ्याच्या खोबणीत बसते आणि मागची नखी रिपेला अडकते. वजनाला हलकं, पाण्याला पक्कं. ही कौलं किनाऱ्याने गलबतांतून मुंबईपर्यंत यायला लागली. पुढे ठिकठिकाणी तशीच कौलं काढणारे कारखाने निघाले, पण नाव राहिलं मंगलोरीच. आपल्याकडे जुनं घर पाडताना अजून एखादं कौल हाती येतं, त्याच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. आमच्या गटातल्या एकीने असं एक कौल तुळशीपाशी ठेवलं आहे.

आता थोडा हिशेब करू. एका चौरस मीटरला अशी सुमारे पंधरा कौलं लागतात. चाळीस चौरस मीटर छपराच्या लहानशा घराला सहाशे. एक कौल अडीच किलोच्या आसपास धरलं तर दीड टन ओझं. शाकारताना ते एकदा उतरवायचं आणि एकदा चढवायचं, म्हणजे दोन-तीन दिवसांत तीन टन माल हाताखालून जायचा. वर पुरुष असायचे. बायकांनी छपरावर चढायचं नाही अशी रीत. खाली अंगणात बायका-पोरांची रांग. उतरलेलं कौल घ्यायचं, शेवाळ घासायचं, पेराने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द आवाज आला तर त्याला तडा आहे, डोळ्याला दिसो न दिसो. ते बाजूला. कोणतं कौल परत छपरावर जायचं आणि कोणतं कोंबड्यांच्या खुराड्यावर, ते खाली बसलेली बाई ठरवायची. वरून शाबासकी मात्र शाकारणाऱ्याला.

कौलारू घरात बायकांनी मागून घेतलेली एक गोष्ट होती, काचेचं कौल. मंगलोरी कौलाच्याच मापाचं. स्वयंपाकघर बहुधा घराच्या आतल्या अंगाला, खिडकी नाही, असली तर वीतभर. दिवसाढवळ्या चिमणी लावून भाकरी थापायची. तिथे चुलीच्या वर एक काचेचं कौल बसवलं की तव्यावर उजेड पडायचा. आमच्यातल्या एकीची आई सांगायची, तिच्या सासऱ्यांनी एकच कौल आणलं आणि ते ओसरीत बसवलं, हिशेबाच्या वह्या वाचायला. पुढच्या शाकारणीला तिने ते उतरलेल्या ढिगातून उचललं आणि वर देताना मुलाला सांगितलं, "हे चुलीवर बसव." कोणी काही बोललं नाही. पुढे तीस वर्षं ते तिथेच होतं.

मैत्रिणींनो, मुळशीत राहून छपराची गोष्ट सांगायची तर धरणाशिवाय ती पुरी होत नाही. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावांचा प्रश्न होता. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यामुळे 'सेनापती बापट' झाले. मावळातल्या बायका त्यात उतरल्या, तुरुंगातही गेल्या. लढा तीन वर्षं चालला, पण धरण झालं. तिथलं पाणी डोंगरातून कोकणात भिऱ्याला उतरवून वीज तयार झाली आणि ती मुंबईला गेली.

घर सोडायची वेळ आली की माणूस आधी छप्पर उतरवतो. भिंत मातीची असते, ती नव्या जागी पुन्हा घालता येते. आढं, वासे, चौकटी पुन्हा मिळतीलच असं नाही. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपण सहज म्हणतो. इथे तर वासे खरोखरच दुसऱ्या जागी न्यायची वेळ आली. आणि मोबदला? बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणाऱ्याच्या हाती पैसा कमीच आला. मग कसणाऱ्याच्या बायकोचं नाव कुठल्या कागदावर असणार? छप्पर कोणी सांभाळलं आणि ते कागदावर कोणाचं, यातलं अंतर आपल्या तालुक्याने तेव्हाच पाहिलं. ते लक्षात ठेवा. पुढे पुन्हा त्याच्याशी गाठ पडणार आहे.

मंगलोरी कौलानंतर आला पत्रा. पन्हाळी पत्र्याची युक्ती लंडनमधल्या हेन्री पामर नावाच्या अभियंत्याची, १८२९ मधली. पातळ लोखंडी पत्र्याला लाटा पाडल्या की तो वाकत नाही. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा चढला आणि गंज लांबला. आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवर तो सर्रास झाला तो स्वातंत्र्यानंतर. बायकांनी त्याचं स्वागतच केलं. पेंढा नको, कौलं चाळणं नको, वीस माणसांचं जेवण नको. पैसे टाकले की एक फिटर दोन दिवसांत काम करून जातो. हे पैसे पुष्कळदा बाईनेच उभे केलेले असतात. कधी दुधाचे, कधी बचत गटाच्या कर्जाचे. आमच्या गटाच्या जुन्या वह्या काढून पाहिल्या, तर मुलांची फी आणि दवाखाना सोडला तर सर्वांत जास्त कर्जं 'पत्रे' या एका शब्दाखाली आहेत.

पण पत्र्याने काही नेलंही. सावड गेली. उन्हाळ्यात दुपारी घर तव्यासारखं तापतं. जोराचा पाऊस आला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पूर्वी कौलाच्या फटींतून धूर निघून जायचा, पत्र्याखाली तो कोंडतो. चूल असेल तर तो बाईच्याच छातीत जातो.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑस्ट्रियातल्या हाट्शेक नावाच्या माणसाने १९०० च्या सुमारास सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून हे पत्रे काढले. स्वस्त, न गंजणारे, म्हणून जगभर पसरले. पुढे कळलं, की या तंतूंची धूळ श्वासातून गेली तर फुफ्फुसाचे दुखणे, कर्करोगही होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्यासाठी मालकांना बंधनं घातली. तुमच्या घरावर जुना सिमेंटचा पत्रा धड असेल तर घाबरून जाऊ नका. पण तो कोरडा कापायचा नाही, घासायचा नाही, फोडायचा नाही. उतरवताना पाण्याने भिजवून अख्खा उतरवायचा. आणि त्याचे तुकडे अंगणात, चुलीपाशी, पोरांच्या हाती ठेवायचे नाहीत. पत्रे उतरल्यावर अंगण झाडायला आपणच पुढे होतो, म्हणून हे आपल्याला आधी माहीत हवं.

आता आपलं भूगाव. रस्ता रुंद झाला, शहर चांदणी चौक ओलांडून आलं, भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. घराघरांवर स्लॅब पडला. स्लॅबची हौस आम्हालाही होती, खोटं कशाला बोला. गच्चीवर पापड वाळवता येतात, लग्नाचा मांडव घालता येतो. सरकारी भाषेत पक्कं घर म्हणतात ते हेच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत तर हातची कौलं गवत-पेंढ्याबरोबर कच्च्या छपरात धरली आणि यंत्राची कौलं पक्क्यात. कुंभाराच्या चाकावरचं कौल असं कागदावर कच्चं ठरलं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत सपाट भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. गरिबाला पक्कं छप्पर मिळालं ही मोठीच गोष्ट आहे.

पण आमची समजूत झाली, की एकदा स्लॅब टाकला की छपराची कटकट संपली. तसं होत नाही. सपाट स्लॅबवर पाणी साचतं. बारीक चीर पडली की ते आतल्या सळईपर्यंत पोहोचतं. सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं प्लास्टर सोडवते. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा घाला, वरून रसायन लावा. शेवटी लोक काय करतात? स्लॅबच्या वर लोखंडी खांब रोवून उताराचा पत्रा टाकतात. गावात फिरून बघा, गच्चीगच्चीवर पत्र्याची शेड दिसेल. आपल्या पावसाने उतार परत मागून घेतला.

आमच्यातली एक मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात गेली होती. तिला वाटलं, तिकडे श्रीमंत देश, घरं कशाला गळतील? तर थंडीत लेकीच्या शेजाऱ्यांचं घर गळलं, तेही पाऊस नसताना. छपरावर हातभर बर्फ. घर आतून गरम केलेलं, त्या उबेने वरचा बर्फ खालून वितळतो. पाणी उतारावरून वळचणीला येतं. वळचणीखाली घर नसतं, ती थंडगार, तिथे पाणी पुन्हा गोठतं. असा बर्फाचा बांध तयार होतो, मागचं पाणी तुंबतं आणि छपराच्या डांबरी पट्ट्यांखाली उलटं वर शिरतं. आपण म्हणतो ना, आढ्याचं पाणी वळचणीला यायचं, वळचणीचं आढ्याला जात नाही? तिकडे ते थोडंफार जातं! उपाय म्हणून छताच्या आत उबेचा थर घालतात, म्हणजे घरातली ऊब वर जात नाही आणि छप्पर थंड राहतं. त्यावरच्या पट्ट्याही उन्हाळ्यातच बदलतात, कारण त्या एकमेकींना नीट चिकटायला ऊन लागतं. तिकडची आगोटी थंडीच्या आधी, आपली पावसाच्या आधी. छप्पर कसलंही असो, ऋतूच्या आधी एकदा त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. आपल्याकडे शाकारणी गेली आणि ते बघणंच गेलं.

३ जून २०२० ला त्याचा हिशेब झाला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी ११०-१२० किलोमीटर वेगाने चढलं आणि पुणे जिल्ह्यातून पुढे गेलं. मुळशी, मावळ, जुन्नर या भागांत घरांचे पत्रे उडाले. टाळेबंदीचे दिवस, दुकानं बंद, फिटर गावाला गेलेले, पाऊस दारात. कौलारू घरातली चार-पन्नास कौलं गेली, पण पत्रा जातो तो सगळाच. कौलांच्या फटींतून वारा निघून जातो. पत्र्यावरून जाणारा वारा मात्र त्याला वर खेचतो आणि एक कड सुटली की उरलेला त्यामागून जातो. ज्यांचे हूक गंजले होते, ज्यांनी नुसते दगड ठेवले होते, त्यांचे आधी गेले.

आमच्या गटातल्या एकीचं घर त्यात उघडं पडलं. नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला. दोन मुलं, सासू आणि ती. ताडपत्री टाकून दहा दिवस काढले. पंचनामा झाला. पहिला प्रश्न आला, "घर कोणाच्या नावावर?" घर नवऱ्याच्या नावावर आणि नवरा गेल्यावर वारसनोंद केलेलीच नाही. चुलत दीर म्हणाला, मी बघतो. त्याने बघितलं ते स्वतःच्या सोयीने. घरपट्टी दरवर्षी तिने भरलेली, पावत्या डब्यात जपलेल्या, आधीचे पत्रे तिनेच कर्ज काढून घातलेले. पण नमुना आठवर तिचं नाव नाही. मदतीचा कागद पुढे सरकेना. त्या पावसाळ्यात गटाने कर्ज देऊन पत्रे घातले. मग आम्ही चौघी तिच्याबरोबर खेटे घालत राहिलो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सासूची सही. वर्ष गेलं. शेवटी उताऱ्यावर तिचं, सासूचं आणि मुलांचं नाव लागलं. वादळाची मदत तिला मिळाली नाही, वेळ निघून गेली होती. पण आता त्या घरातून तिला कोणी ऊठ म्हणू शकत नाही.

आणि यात आम्ही काही मोठं मागितलं नव्हतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा बायको ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने. नवरा असतानाही वाट आहे. राज्य सरकारने २००३ मध्येच 'घर दोघांचे' म्हणून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नवरा-बायको दोघांच्या नावाने घराची नोंद करायचं धोरण आणलं. त्याला वीस वर्षं उलटली. आम्ही गटातल्या बायकांचे उतारे गोळा केले तेव्हा निम्म्यांहून जास्त घरांवर अजून एकट्या पुरुषाचं नाव होतं. त्यातले काही पुरुष तर केव्हाच वारलेले.

तर मैत्रिणींनो, मृग लागायच्या आत तीन कामं करू या.

पहिलं, छप्पर बघा. पत्रा असेल तर कडेचे आणि आढ्याजवळचे हूक आधी, वारा तिथेच पकडतो. गंजलेले बदला, वॉशर घाला. नवं भोक पाडायचं तर लाटेच्या उंचवट्यावर, खोलगटात पाडलं की तिथून पाणी उतरणारच. स्लॅब असेल तर पाणी जायच्या वाटेतला कचरा काढा. कौलं असतील तर वाजवून बघा.

दुसरं, फिटर वर चढला की त्याच्या हिशेबाचा कागद स्वतः घ्या आणि घरपट्टीच्या पावत्यांबरोबर जपा.

तिसरं, ग्रामपंचायतीत जाऊन घराचा नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का ते वाचा. नसेल तर अर्ज द्या. एकट्या जाऊ नका, चौघी मिळून जा. आम्ही दर गुरुवारी दुपारी समाजमंदिरात बसतो, अर्ज लिहून देतो.

कौलं घालणारा कसबी माणूस सुरुवात नेहमी वळचणीपासून करतो. पहिली ओळ खाली, दुसरी तिच्यावर, असं करत आढ्यापर्यंत जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी आत शिरतं. घराच्या कागदाचंही तसंच करू. वळचणीला उभं राहून ज्यांनी इतकी वर्षं कौलं वर दिली, त्यांच्या नावापासून सुरुवात करू.

पुढच्या महिन्यात पावसाळ्यातल्या रानभाज्यांबद्दल बोलू. तोपर्यंत कोरड्या राहा.